वंशावळीचा रविवार

कामं इतकी पडली होती की त्या शनिवारी बॅरेटांच्या घरात भांडायलासुद्धा कोणाला सवड नव्हती. तरी भांडण झालंच. सवड नाही म्हणून भांडण टाळणारं ते घर नव्हे.

सुरुवात अंगणात झाली, नीरफणसाच्या झाडाखाली. दोर्कास नारळ किसत होती. उद्या धाकट्या दिराच्या, एलीहूदच्या, बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे सामाना गावाच्या टेकडीवरची अख्खी मंडळी जेवायला येणार, आणि नारळाच्या दुधातल्या माशाशिवाय बॅरेटांच्या घरचं जेवण ते जेवण नव्हेच. समोर सासूबाई केतूरा आलं ठेचत होत्या. चौऱ्याऐंशीच्या वयातही ठेचा असा, की आल्याने काय गुन्हा केला असावा असा प्रश्न पडावा. ठेचता ठेचता बाप्तिस्म्यात म्हणायच्या वंशावळीची, अब्राहामापासून येशूपर्यंतच्या नावांची, त्यांची उजळणी चालली होती.

"जरुब्बाबेलाला अबीहूद झाला, अबीहूदाला एल्याकीम झाला..."

"एल्याकीमाला अज्जूर झाला," शेजारून मायेलिनने री ओढली. मायेलिन म्हणजे योकास्ताची पहिली मुलगी. एलीहूदशी लग्न करून योकास्ता बाराओनाहून या घरात आली तेव्हा ही पाच वर्षांची पोर तिच्या पदराला धरून आली होती. आता सातची झाली होती. पोरीचा बाप ती पोटात असतानाच निघून गेला होता, आणि त्याच्याविषयी योकास्ता एवढंच म्हणायची, "गेला ते बरं केलं, एक तोंड कमी झालं."

उजळणी चालली होती ती अमेरिकेतून जहाजाने आलेल्या पूर्वजांच्या जुन्या इंग्रजीत. मायेलिनला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिचं सगळं बोलणं स्पॅनिशमध्ये. पण रोज सकाळी आजीच्या पायाशी बसून तिने सगळं कानाने उचललं होतं. खुद्द एलीहूदला दावीदाच्या पुढे जाता येत नसे.

"आजी," पोरीने विचारलं, "उद्या बाळाच्या वेळी तू नावं म्हणशील, त्यात माझंपण म्हणणार?"

केतूराबाईंचा बत्ता हवेतच थांबला. दोर्कासने मान वर केली नाही, पण नारळ किसायचा थांबला.

"कोणाचं नाव?" मागून आवाज आला. देवळातली बाकं खांद्यावर घेऊन दोर्कासचा नवरा योथाम फाटकातून आत येत होता. केतूराबाईंचा थोरला मुलगा, मंडळीचा कारभारी, आणि गेल्या काही वर्षांपासून घराचा कर्ता.

"माझं, काका."

योथामने बाकं खाली ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. पोरीला शहरातून बुटांचा जोड आणून देणारा तोच. पण त्याने घाम पुसला आणि सरळ सांगून टाकलं, "वंशावळीत रक्ताचीच नावं असतात, बाळ. तू आपली आहेस, लाडकी आहेस. पण ते वेगळं."

मायेलिन म्हणाली, "बरं." आणि उठून बोकडाला पाला घालायला गेली. बायबलातल्या मत्तयाच्या यादीतून नावं उचलायची या घरची जुनी खोड. थोरला योथाम, धाकटा एलीहूद, उद्याचं बाळ एलाजार. राजा आहाज इतका दुष्ट की ते नाव कुठल्या पोराला देववेना, म्हणून ते बोकडाला दिलं होतं. पोर आहाजच्या गळ्यात हात घालून आपली पाठ वळवून उभी राहिली. ते 'बरं' दोर्कासच्या काळजाला असं लागलं की तिचं बोट किसणीवर गेलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी योकास्ताच्या कानावर पोचली. बाळाला कडेवर घेऊन ती जेवणघराच्या दारात उभी राहिली, आणि बाराओनाच्या बायकांचा आवाज खणखणीत असतो हे सगळ्यांना पुन्हा एकदा पटलं.

"भावोजी, माझ्या एका लेकराचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याचं गिळायचं असेल, तर तुमचा बाप्तिस्मा तुम्हालाच लखलाभ. मी दोघांना घेऊन माहेरी जाते. तिकडच्या फादरला कोणाचीच खापरपणजी पाठ नसते, सुखाचं असतं!"

"योका, अगं बस तरी," एलीहूद म्हणाला. देवमासे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तो होडीतून फिरवायचा. खवळलेल्या समुद्राला न घाबरणारा हा गडी बायको आणि भाऊ यांच्यामध्ये सापडला की पार गांगरून जाई.

"तू बस! तू नुसता बसच! ती तुला बाबा म्हणते ना? मग बोल की काहीतरी!"

एलीहूदने घसा साफ केला. "दादा, तिला मी माझीच मानतो."

"मान ना. मी कुठे नको म्हणतोय?" योथामने भात वाढून घेतला. "पण वंशावळ आपण केलेली नाही. आबांच्या आबांपासून आलीय ती. त्यात मन मानेल तशी भर घालायला लागलो, तर उद्या आहाजचंही नाव घालाल."

"बोकडाशी तुलना करता माझ्या पोरीची?"

"मी राजा आहाजबद्दल बोलतोय!"

"तो तर आहेच की त्यात," दोर्कास मधेच म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. भरल्या ताटावर दोर्कास सहसा बोलत नसे. "स्वतःच्या मुलाला आगीत घालणारा आहाज त्या यादीत आहे. त्याचा नातू मनश्शे, त्याच्याहून वाईट, तोही आहे. मत्तयाने कोणाला गाळलं नाही."

"गाळलंय," योथाम विजयाने म्हणाला. कारभारी होता, शास्त्र त्याला पाठ होतं. "योरामानंतर तीन राजे गाळलेत. विचार पाळकांना."

"हो ना! राजे गाळले आणि यरीहोची राहाब ठेवली. मवाबातली रूथ ठेवली. परकी पोर, दुसऱ्या गावची, सासूचं बोट धरून आलेली. राजे गाळून सुना ठेवणारा माणूस तुमच्या बाजूचा कसा हो?"

योकास्ता खदखदून हसली. राग विसरून हसली. एलीहूदही हसला, आणि भावाचं तोंड बघून पुन्हा गप्प झाला.

सगळ्यांना वाटत होतं की केतूराबाई सुनांच्या बाजूने बोलतील. पोरीवर त्यांचा किती जीव होता ते उघड होतं. पण त्यांनी ताटातला मासा सावकाश संपवला आणि म्हणाल्या, "नियम माझा नाही. सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला, याखीमला दिला, याखीमने मला दिला. मी नुसती म्हणणारी. घरचा कर्ता योथाम आहे. तो सांगेल ते."

"ऐकलंत?" योथाम म्हणाला. पण जिंकल्याचा आनंद काही त्याच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

"मला एवढंच कळतं," म्हातारीने पुढे सुरू केलं, "की ही नावं चांगल्या माणसांची म्हणून नाहीत. चांगल्यांची म्हटली असती तर ओळभरात संपली असती. देवाने अब्राहामाला शब्द दिला. पुढे कोणी खोटं बोललं, कोणी खून पाडला, सगळे कैद होऊन बाबेलला गेले. देवाचा शब्द काही मागे फिरला नाही. आणि मला सगळ्यात कोण आवडतात सांगू? परत आल्यानंतरचे. अज्जूर, सादोक, याखीम. काय केलं रे यांनी? ना राज्य, ना लढाई, ना कुठे एक गोष्ट. कमावलं, खाल्लं, पोरं वाढवली, मेले. आपल्यासारखेच. आणि देव तेव्हाही शब्द पाळतच होता, कोणाला दिसत नव्हतं एवढंच. वाढ गं योका, रस्सा वाढ."

योकास्ताने रस्सा वाढला. माहेरी जायचं तिने उद्यावर ढकललं.

दुपारी योथाम मागच्या पडवीत बाकाचा हलणारा पाय ठोकत बसला होता. गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात ठोकत होता. दोर्कास आल्याचा चहा घेऊन गेली आणि शेजारी टेकली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की कुठल्या ठोकण्याचा काय अर्थ हे तिला बरोबर कळायचं.

"अहो, तो पाय मेलाय आता. सोडा त्याला."

त्याने हातोडी ठेवली. चहा घेतला.

"तुम्हाला मायेलिनचा राग नाही," ती म्हणाली. "तुम्हाला एस्तेर आठवतेय."

समोर खाडीत एलीहूदची होडी डुलत होती, योथाम तिच्याकडे बघत राहिला.

या घरात एस्तेरचं नाव कोणी काढत नसे. मोठं वादळ झालं त्या वर्षी दोर्कासच्या लांबच्या बहिणीची तान्ही मुलगी उघडी पडली होती. दोर्कासला मूल नव्हतं, होणार नाही हेही तोवर कळलं होतं. दोघांनी तिला आणायचं ठरवलं, पाळणासुद्धा झाला होता. तेव्हा योथामचे वडील याखीम म्हणाले होते, आणा, वाढवा, शाळेत घाला, पण वंशावळीत नाव येणार नाही. त्यावर योथाम म्हणाला, मग आणायलाच नको. ज्या घरात नाव घेणार नाहीत त्या घरात पोर कशाला आणायची? एस्तेर दूरच्या ‘ला वेगा’ गावातल्या कोणा कुटुंबात गेली. दोर्कास महिनाभर रडली होती. योथाम रडला नव्हता, पण पाळणा त्यानेच मोडला होता.

"आबांनी नाही म्हटलं, मी ऐकलं," योथाम शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आता मी हो म्हटलं, तर मग आपण कशासाठी सोडलं तिला? उगीचच?"

आता मात्र दोर्कासला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. इतकी वर्षं हे ओझं दोघांचं आहे असं तिला वाटत होतं. त्याचं जड टोक त्याच्याकडे होतं हे आज कळलं.

"हो. उगीचच," ती म्हणाली. "चुकलं आपलं. आबांचं चुकलं, तुमचं चुकलं, तोंड उघडलं नाही म्हणून माझंही चुकलं. पण एक चूक खरी ठरावी म्हणून दुसऱ्या पोरीवर तीच करायची? हा कुठला न्याय हो?"

"वंशावळ म्हणजे—"

"वंशावळ तुमची सुरू कुठून होते? म्हणा बरं."

योथाम नाइलाजाने म्हणाला, "ज्याचं नाव देवाला ठाऊक, त्याला आयझॅक झाला. आयझॅक जहाजातून उतरला."

"कोण तो, ज्याचं नाव देवाला ठाऊक?"

"आता कोणाला माहीत? गुलाम होता. बॅरेट हे नावसुद्धा मालकाचं."

"म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही, रक्त कुठलं ते माहीत नाही, त्याला पहिला मान. आणि जिचं नाव माहीत आहे, जी रोज तुमच्या चपला उन्हात ठेवते, तिला जागा नाही. आणि मत्तयाची यादी तरी कुठे पोचते? योसेफापाशी. योसेफाचं रक्त होतं का येशूत? थेंबभर तरी? पोर आपली म्हणाला, नाव ठेवलं, आणि देवाने अब्राहामाला दिलेला शब्द त्या सुताराच्या हातून पुरा करून घेतला. रक्तानेच पुरा करायचा असता तर देवाला काय अवघड होतं?"

"तू पाळक व्हायला हवं होतंस," योथाम कुरकुरला.

"मी झाले असते तर तुम्ही देवळात झोपला नसतात. चहा प्या, गार होतोय."

त्याने चहा प्यायला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दोर्कासला जास्त ताणायचं नव्हतं. तुटेपर्यंत ताणू नये एवढं ती संसारात शिकली होती.

रविवारी देऊळ गच्च भरलं. पत्र्याचं छत तापलं होतं, बायकांचे पंखे हलत होते, आणि एलाजार बॅरेट आपल्याच बाप्तिस्म्यात गाढ झोपला होता. योकास्ता आली होती, पण अशी बसली होती की मनाविरुद्ध काही झालं तर दोन ढांगांत बाहेर पडता यावं. मायेलिन तिच्याशेजारी, पांढऱ्या झग्यात, हात मांडीवर.

पाळकांनी बाळाच्या कपाळाला पाणी लावलं. बाळ जागं झालं, सगळ्यांकडे रागाने बघितलं आणि परत झोपलं. मंडळी हसली. मग पाळक बाजूला झाले आणि केतूराबाई काठी टेकत पुढे आल्या.

नावं म्हणायची ती तोंडपाठ, हातात कागद नाही. मधे कोणी अडलं तर सांगायचं ते घरच्यानेच. बाहेरच्याने सांगितलं तर पुन्हा अब्राहामापासून सुरू करायचं. याखीमच्या वेळी एका नव्या पाळकाने कळवळून एक नाव सांगितलं होतं आणि सगळं पहिल्यापासून झालं होतं. तो पाळक आयुष्यभर त्या घरी जेवायला जाताना ओशाळायचा. आईला सांगायचं काम आता योथामचं होतं. तो पहिल्या बाकावर ताठ बसला होता. पण कधी सांगायची वेळ आली नव्हती, केतूराबाई कधी अडल्याच नव्हत्या.

"अब्राहामाला इसहाक झाला," म्हातारीने सुरुवात केली. "इसहाकाला याकोब झाला, याकोबाला यहूदा व त्याचे भाऊ झाले..."

बवाज आला, रूथ आली. दावीद आला, मंडळी जरा सरसावून बसली. आहाजच्या नावाला मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली, दर वेळेसारखीच. बाबेल आली, कैद झाली. जरुब्बाबेल, अबीहूद, एल्याकीम.

आणि केतूराबाई थांबल्या.

आधी वाटलं श्वास घेतायत. मग दोर्कासने त्यांचा हात पाहिला. काठीवरचा हात थरथरत होता, आणि नजर हरवली होती. ते सोंग नव्हतं. काल ज्यांच्याबद्दल इतकं कौतुकाने बोलल्या, त्याच बिनगोष्टीच्या माणसांपाशी येऊन म्हातारीची वाट चुकली होती.

दोर्कासने योथामकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. रात्रभर जागलेला माणूस. तोही हरवला होता. एलीहूद जमिनीकडे बघत होता, त्याची धाव दावीदापर्यंतच. पंखे थांबले. कोणी खोकेना.

"अज्जूर, आजी," मायेलिन म्हणाली. "एल्याकीमाला अज्जूर झाला. अज्जूराला सादोक झाला."

जुन्या इंग्रजीत म्हणाली, सामानाच्या म्हाताऱ्यांच्या हेलात, जशीच्या तशी. आणि लगेच आपण काय केलं ते कळून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

देवळात कुजबुज उठली. कोणीतरी म्हणालं, "घरची कुठे? आता पहिल्यापासून म्हणावं लागणार." योकास्ताने पोरीच्या खांद्यावर हात टाकला आणि उठायला लागली. केतूराबाई थोरल्या मुलाकडे बघत होत्या. सगळेच बघत होते.

योथाम उभा राहिला. उठायला त्याला फार वेळ लागला असं दोर्कासला वाटलं. तिने मनातल्या मनात देवाला विनवलं, आणि नवऱ्यालाही विनवलं, दोघांना एकदमच.

त्याने मंडळीकडे वळून घसा साफ केला.

"चालू दे, आई," तो म्हणाला. "घरातूनच सांगितलंय."

केतूराबाईंच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून पाळकांनी चष्मा काढून पुसला. "अज्जूराला सादोक झाला," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा खणखणीत लागला की एलाजारने डोळे उघडले. "सादोकाला याखीम झाला, याखीमाला एलीहूद झाला..." मत्तान आला, याकोब आला, योसेफ आला, आणि येशूच्या नावाला सगळे उठून उभे राहिले. दोर्कासही उठली. पण तिला नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

मग बॅरेटांची नावं सुरू झाली. ज्याचं नाव देवाला ठाऊक, तो आला. जहाजातून उतरलेला आयझॅक आला. त्याची मुलं, त्यांची मुलं, वादळात गेलेली, तापात गेलेली, नारळ लावणारी, देऊळ बांधणारी. "याखीमाला योथाम व एलीहूद झाले," केतूराबाई म्हणाल्या. "आणि एलीहूदाला—"

त्या थांबल्या. या वेळी त्यांचा हात थरथरत नव्हता.

"मायेलिन," योथाम म्हणाला. शब्द मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "एलीहूदाला मायेलिन झाली. आणि तिचा भाऊ एलाजार."

"आमेन," केतूराबाई म्हणाल्या आणि जवळच्या खुर्चीत मटकन बसल्या. एलीहूद उभ्या उभ्या रडत होता. आणि योकास्ता, भरल्या देवळात, भावोजींच्या गळ्यात पडली. सामानाच्या मेथडिस्टांनी असलं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

मायेलिन गर्दीतून वाट काढत योथामपाशी आली आणि त्याचा कोट ओढला. तिचा चेहरा गंभीर होता. यात काहीतरी चूक झालीय आणि ती आत्ताच सांगून टाकलेली बरी, अशी तिची मुद्रा होती.

"काका, बाप्तिस्मा बाळाचा होता. तुम्ही माझं नाव आधी घेतलंत."

योथाम खाली वाकला, गुडघे दुखत असूनही पार खाली, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"मग?" तो म्हणाला. "तू मोठी ना?"